मुक्या लोखंडाची जोडी

"फुटकी हाये म्हणजे फुटकीच हाये," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आता किती वेळा सांगू?"

"आई, तुह्या डोळ्यांसमोर खोकं उघडलं ना मी? कोरी डिस्क हाये."

"कोरी वस्तू फुटकी नसते का? वाटेत आपटली असंल. नाहीतं ओततानाच तडकली असंल. तूनं फोडली असं म्हटलं का मी?"

"पण दोनच्या दोन?"

"हाव. दोनच्या दोन."

कुंदन कमरेवर हात ठेवून आईकडे बघत राहिला. त्याची बायको कीर्ती स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आईचं अन् त्या कारखान्यावाल्याचं एकदा फोनवर बोलणं करून द्या. त्यालेही कळू दे, तो फुटका माल विकून राहिला म्हणून."

"तू चूप बस वं."

"मी चूपच हावो. तांदूळ बोलून राहिले."

अंगणातल्या बाजेवर बसलेले दादाजी, म्हणजे शकुंतलाबाईंचे यजमान, सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांना ऐकू येत नसे. कोणाचं तोंड जास्त हलतंय यावरून ते भांडणाचा अंदाज घेत आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघे.

भांडण दोन जोड्यांचं होतं. गोणपाटावर चार डिस्क मांडून ठेवल्या होत्या, जेवणाच्या ताटापेक्षा मोठ्या आणि चांगल्या बोटभर जाड. गाडीच्या चाकाआड ही थाळी चाकाबरोबर फिरते, ब्रेक दाबला की दोन्ही अंगांनी तिला चिमटा बसतो आणि गाडी थांबते, एवढं कुंदननं आईला कधीच समजावून ठेवलं होतं. यातली एक जोडी त्यानं स्वतः मुंबईहून मागवलेली. रंगानं काळपट, मधली वाटी पांढऱ्या हलक्या धातूची, भोवतालचं कडं लोखंडाचं, आणि वाटी न् कडं बोल्टांनी एकमेकांना सांधलेलं. दुसरी जोडी गाडीच्या मालकानं फोनवर चित्र बघून मागवलेली. ती अखंड होती. अंगभर नक्षीसारखी भोकं, आणि वरून असा पिवळा मुलामा, की नुकतं चिंचेनं घासून उन्हात ठेवलेलं पितळच. एक जोडी बसवायची, दुसरी परत पाठवायची. कोणती, एवढाच प्रश्न होता.

मालक समोरच खुर्चीवर बसला होता. अमर शकुंतलाबाईंच्या माहेरचा, अड्याळचा, चुलतभावाचा मुलगा. पुण्याला राहायचा, चांगलं कमवायचा. बहिणीच्या, खुशबूच्या लग्नाला येताना तो आपली दोन सीटची लाल गाडी घेऊन आला होता. गाडी इतकी बुटकी की अड्याळच्या बाजारातल्या गतिरोधकावर तिचं पोट घासू नये म्हणून चार पोरांनी पुढं-मागं धरून ती तिरपी करत नेली होती, आणि तिच्यात वाकून बघणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं होतं, "बाप्पा, यात लेकरं कुठं बसवतेत?" पुण्याहून येता येता तिचे ब्रेक बिघडले. दाबले की स्टेअरिंग थरथर कापायचं. कुंदन पूर्वी काही वर्षं पुण्यात अशाच गाड्यांच्या गॅरेजात कामाला होता, आता भंडाऱ्याला हायवेवर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. त्यानं चाक उतरवून बघितलं, जुनी डिस्क झिजून पातळ झाली होती. बदलण्यावाचून इलाज नव्हता.

"काळी बरोबर हाये," कुंदन सांगत होता. "पिवळी दिसाले चांगली हाये," अमर सांगत होता. दोघांचं जमेना, तेव्हा अमरच म्हणाला होता, "आत्याले विचारू ना. आत्या ठोकून सांगंल."

तो गंमतीनं म्हणाला होता. पण त्या घरात ही गंमतीची गोष्ट नव्हती.

भंडाऱ्याच्या त्या गल्लीत पितळेची भांडी घडत. पाणी भरायचे गुंड, वरण-भाताचे गंज, कणीक मळायचे कोपर, लग्नाच्या पंगतीची मोठी मोठी पातेली. पुरुष लहानपणापासून हातोडा धरत आणि तिशी ओलांडेपर्यंत त्यांचे कान जात. हे इतकं ठरलेलं होतं की त्याचं कोणाला दुःख नव्हतं. म्हणून तयार भांड्याचा नाद घेणं हे काम बायकांचं. शकुंतलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं, चंद्रभागाबाईंनी, पहिल्यांदा त्यांना भाकरी करून दाखव असं म्हटलं नाही. आढ्याला दोरीनं एक गुंड टांगला होता, तो ऐक, म्हणाल्या.

भांडं दोरीला टांगायचं, कारण जमिनीला टेकलेलं भांडं खोटं बोलतं. मग चिंचेच्या लाकडाच्या काडीनं त्याच्या पोटावर एकदाच ठोकायचं. घरातलं सगळं थांबायचं. चुलीवरचा खडखडाट थांबायचा, रडणारं पोर छातीशी लावायचं. ऐकणारीनं डोळे मिटायचे आणि नाद संपेपर्यंत उघडायचे नाहीत. भांडं चांगलं असलं की आवाज लांबवर जात राही, संपला की अजून आहे हे कळू नये इतका बारीक होत होत. कुठं केसाएवढी जरी चीर असली, की तो मध्येच पडे. ठक्क.

आल्याच्या पहिल्याच वर्षी शकुंतलाबाईंनी दादाजींनी घडवलेला गुंड फुटका म्हणून परत केला. चार दिरांसमोर. दादाजी तेव्हा तरुण होते, अंगानं दांडगे. त्यांनी गुंड उचलला, उन्हात धरला, फिरवून फिरवून पाहिला. काही दिसलं नाही. मग त्यात पाणी भरून ओट्यावर ठेवला आणि समोर बसून राहिले. बऱ्याच वेळानं गुंडाच्या बुडाशी घामासारखा एक थेंब आला. दादाजींनी तो बोटानं पुसला, पुन्हा आला. ते उठले, गुंड चेपून भट्टीत टाकला आणि बायकोकडे असं बघितलं की शकुंतलाबाईंना त्या घरात राहावंसं वाटू लागलं ते त्या दिवसापासून.

पुढं गल्लीतल्या दुसऱ्या घरांतूनही भांडी त्यांच्याकडे येऊ लागली. साकोलीचे लोक लेकीच्या लग्नाची भांडी घेताना म्हणत, शकुंतलाबाईनं ऐकलेली आहेत का ते आधी सांगा. मग स्टील आलं, आणखी काय काय आलं. भट्ट्या एकेक करून विझल्या, दादाजींची आता लग्नसराईत कोणाची खास मागणी असली तरच पेटायची. कुंदन लोखंडाकडे गेला. कीर्ती कुकरमध्ये भात करू लागली आणि कोणती भाजी करायची हे विचारेनाशी झाली. शकुंतलाबाईंच्या हातचं एकेक निसटत गेलं, त्याची त्यांनी तक्रार केली नाही. पण त्यांनी काडी मारून सांगितलेला शब्द त्या घरात कोणी कधी ओलांडला नव्हता. राहिलं होतं ते एवढंच.

तर आज अमरनं म्हटल्यावर त्यांनी आधी पिवळी डिस्क आढ्याच्या दोरीला टांगायला लावली. काडी हातात घेतली. कीर्तीचे तांदूळ थांबले. दादाजींनी ऐकू येत नसूनही श्वास रोखला.

टण्ण.

असा नाद! घराच्या कौलांतून निघून तो गल्लीत गेला. समोरच्या परसरामच्या ओट्यावरचा कावळा उडाला. अमरच्या अंगावर काटा आला आणि तो काटा बघायला तो आपलाच हात न्याहाळू लागला. शकुंतलाबाई डोळे मिटून उभ्या होत्या. पितळेत इतका लांब नाद त्यांनी आयुष्यात मोजक्याच वेळा ऐकला होता.

मग काळी टांगली.

ठक्.

बस. ओल्या मातीच्या ढेकळावर काडी मारावी तसं. त्यांनी नियम मोडून दुसऱ्यांदा ठोकलं, तिसऱ्यांदा ठोकलं. दुसरी काळी टांगून बघितली. तेच.

"शिवाय सांधलेली," त्या म्हणाल्या. "बोल्ट मारून ठिगळ लावलंय. अखंड वस्तू सोडून ठिगळाची कोण घेते?"

परसराम आवाज ऐकून दारात आला होता. वरठीच्या स्टेशनात रेल्वेत त्याचा जन्म गेलेला. तो म्हणाला, "बरोबर हाये वहिनी. आम्हीही डब्याच्या चाकाले हातोडी मारूनच पाहत होतो. वाजलं तं चांगलं. नाही वाजलं तं गाडी थांबवा."

"पाहा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आता रेल्वेही खोटी का?"

"आई, अवं, त्याच्यात कार्बन..." कुंदन म्हणू लागला.

"त्याच्यात काय थे असू दे. माह्या कानाले आवाज आला नाही."

अमर खुशीत होता, त्याची पिवळी पास झाली होती. कुंदननं एकदा आईकडे बघितलं. मग वाकून दोन्ही पिवळ्या उचलल्या.

"ठीक हाये. पिवळी लावतो. पण अड्याळले नेण्याआधी मी हायवेवर चालवून पाहीन. नवीन डिस्कले घासून घ्या लागते, तापवून घ्या लागते. त्याच्याशिवाय मी गाडी सोडत नाही."

"मंग आईलेच न्या संगं," कीर्ती तांदळाची थाळी पाखडत म्हणाली. "यायनं पास केली, यायनंच बसून पाहावं."

तिला वाटलं नव्हतं सासू हो म्हणेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाई गॅरेजात गेल्या. नऊवारी नेसून त्या गाडीत कशा बसल्या हा एक वेगळाच सोहळा झाला. आधी पाय घालून बघितला, मग डोकं घालून बघितलं, शेवटी कुंदन म्हणाला, "आई, पाटावर बसते तशी बस." तेव्हा त्या बसल्या, आणि जमिनीच्या इतक्या जवळ गेल्या की रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशीचं पोट त्यांना डोळ्यांच्या रेषेत दिसलं. छातीवरून पट्टा आला. पदर त्यात सापडला. कुंदननं तो सोडवून दिला.

मग गाडी सुरू झाली. शकुंतलाबाईंच्या पाठीच्या कण्यातून काहीतरी वर चढलं. भट्टी पेटून भाता धरू लागला की जमिनीतून पायात येतं, तसं.

लाखनीपर्यंत कुंदन सांभाळून चालवत होता. लाखनी सुटली, साकोलीकडचा मोकळा रस्ता लागला, आणि त्यानं आरशात मागं कोणी नाही हे बघून पाय दाबला. शकुंतलाबाईंचं डोकं मागं टेकलं ते टेकलंच. दोन्ही बाजूंची शेतं सरकेनाशी झाली, ती पातळ झाली, ओतलेल्या धातूसारखी वाहू लागली. धानाचे पुंजणे, कापून रचलेल्या त्या पिवळ्या राशी, दिसण्याआधीच मागं जात होत्या. एक तळं आलं आणि त्यावरचे बगळे उडाले असतील किंवा नसतील, त्यांना पत्ता लागला नाही. त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. माणसानं एवढ्या वेगाला हात घातला आहे, आणि तो वेग आपल्या पोटच्या पोराच्या एका पायाखाली आहे, याचंच त्यांना एवढं नवल वाटत होतं की भीतीला जागा उरली नाही.

"आता थांबवतो हं," कुंदन म्हणाला.

त्याच्या पायानं दाबलं आणि तो सगळा वेग गाडीच्या पुढच्या दोन चाकांत जाऊन पडला. पट्ट्यानं शकुंतलाबाईंना धरलं. गाडी जवळजवळ उभी राहिली.

"हे सगळं त्या दोन थाळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"हाव. थाळ्यांनी अन् चिमट्यांनी."

"मंग एवढी धाव गेली कुठं?"

"थाळीत गेली. तापली ना ते. हात लावला तं चामडी निघंल."

पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. पुन्हा. मध्ये थोडं संथ चालवायचं, वारा लागू द्यायचा, पुन्हा. कुंदन आईला विसरून गेला होता, त्याचे कान पुढच्या चाकांकडे होते. शकुंतलाबाईंनी त्याच्या मानेकडे बघितलं. मान किंचित तिरपी, डोळे अर्धे मिटलेले. नाद घेताना सासू अशी उभी राहायची. आपणही तशाच उभ्या राहत असू.

आणि तेव्हा ते सुरू झालं.

आधी बारीक, दूर कुठं कोणी पिपाणी वाजवतंय असं. पुढच्या ब्रेकला मोठं. त्याच्या पुढच्या ब्रेकला पुढच्या दोन्ही चाकांतून असा विव्हळता सूर उठला की शेतात वाकलेल्या बायका उभ्या राहिल्या, ढाब्यावरच्या माणसांनी कप हातात धरून माना वळवल्या. पायाखालची पत्र्याची जमीन थरथरत होती. स्टेअरिंगवर कुंदनचे हात थरथरत होते.

शकुंतलाबाईंनी डोळे मिटले.

तो सूर त्यांच्या ओळखीचा होता. काल आढ्याच्या दोरीला टांगून त्यांनी जो ऐकला तोच, एक कणभर वर नाही, खाली नाही. काडीनं ठोकलं तेव्हा गात होती तीच थाळी आता चिमटा बसल्यावर किंचाळत होती. जी वाजते ती वाजणारच. ठोकलं तरी, धरलं तरी. हे इतकं साधं होतं.

"पुन्हा दाब," त्या म्हणाल्या.

कुंदननं दाबला. पुन्हा तेच.

"पुन्हा."

"आई, पुरे."

त्यानं गाडी कडेला झाडाखाली घेतली. दोघं बाहेर आले. चाकाच्या आतून तापल्या लोखंडाचा वास येत होता. शकुंतलाबाई वाकून बघू लागल्या. चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क दिसत होती. पिवळा मुलामा घासला जाऊन मधे राखाडी पट्टा उमटला होता. हवा तिच्यावर पाण्यासारखी हलत होती.

आता हा बोलेल, त्यांना वाटलं. बोलायचा त्याला हक्क होता.

कुंदन रस्त्याकडे बघत म्हणाला, "नवीन हाये. नवीन असते तं कधी कधी आवाज करते. थोडं घासून आलं का बसंल. नाही बसलं तं अमर पुण्याले पाहून घेईल. गाडी तं थांबून राहिली ना." मग थोडा थांबून, "त्यालेही पिवळीच पाहिजे होती."

त्यानं आईसाठी पळवाटेचं दार उघडून ठेवलं होतं. त्या दारातून निमूट बाहेर पडलं की झालं. घरी कोणाला काही सांगायची गरज नव्हती. अमर खूश होता, कीर्तीला माहीत नव्हतं, परसराम तर रेल्वेची साक्ष देऊन बसला होता.

"काळी असती तं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"तं काय?"

"तं एवढी वराडली असती का?"

"नसती. तिच्या लोखंडातच कार्बन जास्त असते. थरथर बाहेर येऊच देत नाही. पोटातच जिरवते."

"अन् ते बोल्ट?"

"ठिगळ नाही थे. तापलं का कडं फुगते, आई. त्याले जागा पाहिजे. बोल्टाच्या भोकात तेवढी जागा ठेवली हाये, कडं फुगते अन् थंड झालं का पुन्हा बसते. अखंड असलं तं जाईल कुठं? मंग थे वाकडं होते. अमर थिकडं घाट उतरतो रोज. घाटात वाकडं झालं तं..." तो बोलायचा थांबला.

"मंग हे काल सांगितलं काहून नाही?"

"सांगत होतो. तू डोळे मिटून उभी होती."

परतीच्या वाटेवर कुंदननं ब्रेकला पाय लावला तो इतका हळू, की गाडीनं एकदाही हूं की चूं केलं नाही. आई बाजूला बसली आहे म्हणून. शकुंतलाबाईंना ते कळलं आणि त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी आल्यावर त्या थेट मोरीत गेल्या. हातपाय धुतले. दादाजी बाजेवर उन्हात डुलकी घेत होते, कीर्ती आत फोडणी देत होती. अंगणाच्या कोपऱ्यात काळी जोडी खोक्यात परत भरून ठेवली होती. शकुंतलाबाईंनी खोकं उघडलं. एक डिस्क दोन्ही हातांनी कवटाळून आढ्याखाली नेली. दोरी ओवून टांगताना त्यांची कंबर धरली, पण त्यांनी कोणाला हाक मारली नाही.

काडी मारली. ठक्.

या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. दुसरा हात त्यांनी आधीच लोखंडाच्या कड्यावर सपाट ठेवला होता. पितळेवर असा हात ठेवला की नाद तळहातात मुंग्यांसारखा चालत राहतो. इथं काही नाही. त्यांनी जोरानं मारली. जोरानं मारलेलं काडीच्या हाताला कळलं, मनगटाला कळलं. लोखंडावरच्या हाताला कळलं नाही.

मग गेलं कुठं?

त्या कड्याभोवती फिरल्या. मागून बघितलं. कड्याच्या दोन पाळ्यांच्या मधल्या फटीतून, जिथून वारा जायचा असतो, उजेड पलीकडे दिसत होता. आत काही नव्हतं. साधं काळं लोखंड. आणि यात लाल गाडीचा तो सगळा वेग मावायचा होता. ती वाहती शेतं, तो मागं टेकलेला माथा, आणि जे पायाखाली थरथरलं होतं ते. सगळं यात जायचं आणि बाहेर एक शब्द यायचा नाही. आयुष्यभर त्यांनी जो पडलेला आवाज ऐकला, तो आत कुठंतरी वस्तू हरली म्हणून पडलेला होता. हरल्यावाचूनही आवाज पडतो, मुद्दाम पाडून ठेवता येतो, आणि कोणीतरी कुठल्या भट्टीपाशी बसून इतक्या कष्टानं हे मुकेपण घडवलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. चंद्रभागाबाईंच्याही नसणार.

त्यांनी काडी खाली ठेवली. तळहात मात्र काढवेना. लोखंड सकाळच्या उन्हानं कोमट झालं होतं. आपण याला फुटकं म्हटलं. दोनच्या दोन. त्यांना शरम वाटली, पण तिच्याहून मोठं काहीतरी त्या तळहाताखाली होतं, त्यासमोर शरमही लहान वाटत होती. देवळात गाभाऱ्याशी गेलं की बाहेर काय बोलत होतो ते विसरतो, तसं काहीसं.

"आई, काय करून राहिल्या?" कीर्ती हात पुसत दारात आली होती. टांगलेली काळी डिस्क बघून तिच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा फुटली का?"

शकुंतलाबाई रोजच्यासारख्या रागावल्या नाहीत, आणि कीर्तीला ते जास्त खटकलं. ती जवळ आली. "हात ठेवून पाहा," सासू म्हणाली. कीर्तीनं ठेवला. सासूनं काडी मारली.

"काही लागत नाही," कीर्ती म्हणाली.

"हाव."

"मंग?"

"मंग काही नाही. काही लागत नाही, थेच पाहाचं होतं."

कीर्ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं आपल्या मनानं पुन्हा हात ठेवला आणि या वेळी डोळे मिटले.

दुपारी जेवायला सगळे होते. खुशबूच्या लग्नाच्या पत्रिका वाटत अमर भंडाऱ्यात आला होता, तो थेट पाटावरच येऊन बसला. परसराम सांगू लागला की गल्लीत सगळ्यांना कळलंय, वहिनीनं मोटारीची थाळी ठोकून पास केली. त्याला भात वाढताना कीर्तीची पळी थोडी अडखळली. अमर म्हणाला, "काय म्हणते मग गाडी, कुंदनभाऊ? एक नंबर ना?"

कुंदननं घास गिळला. "चालली बरी. थोडा आवाज..."

"थोडा नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात वरणाचा गंज होता. तो त्यांनी खाली ठेवला. दादाजींनी जेवता जेवता मान वर केली, कारण बायकोचं तोंड हललं होतं आणि बाकी सगळ्यांची थांबली होती.

"पिवळी परत जाईल. कुंदन आज काळी बसवंल. माहं चुकलं, काळी फुटकी नाही. अमर, तुह्या बापाले मी फोन करून सांगीन. परसरामभाऊ, गल्लीत तुम्हीच सांगितलं, आता हेही सांगा. अन् कुंदन, पितळ असलं तं मले आणून देजो. लोखंडाचं यापुढं मले विचाराचं नाही. तुले जे दिसंल, थे लावाचं."